वेग आहे, मग उंची कुठे जाते?

प्रश्न : माझा अकरावीतला मुलगा बांबू उडीत 3.60 मीटरवर अडकलाय. वेग कमी पडतोय की तंत्र, हे मोजून कळेल का? – एक पालक, विठ्ठलवाडी

उत्तर : नक्की कळेल, तेही मोबाइलवर. पोल रोवायच्या बॉक्सपासून 10 आणि 5 मीटरवर खुणा करा आणि बाजूने सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण घ्या. मधले 5 मीटर 150 फ्रेममध्ये पार झाले, तर वेग सेकंदाला 8 मीटर. वेगाच्या वर्गाला 19.6ने भागलं की 3.27 येतात, त्यात शरीराच्या गुरुत्वमध्याची उंची, साधारण 1 मीटर, मिळवा. म्हणजे धावेत सव्वाचार मीटरची ऊर्जा आहे. मग कमतरता तंत्राची.

आता पोलवरची पकड पाहा. वरचा हात 3.90 मीटरवर असेल, तर बॉक्सची 20 सेंटीमीटर खोली वजा जाता 3.70 उरतात, उडी त्याहूनही खाली! बांबू उडीपटू मोंडो डुप्लांटिसने 2025मध्ये टोकियोत 6.30 मीटर पार केले, ते पकडीच्या मीटरभराहून अधिक वर जाऊन.

अशा वेळी मुलं पकड आणखी वर नेतात, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. पोल उभाच राहत नाही, मुलगा मॅटऐवजी धावपट्टीवर आदळतो. पूर्ण धावेची पकड तूर्त तीच ठेवा आणि छोट्या धावेवर ती खाली घेऊन टेक-ऑफ घोटून घ्या. पाऊल वरच्या हाताच्या बरोबर खाली पडतंय का, ते त्याच चित्रणात दिसेल.