हौदातले शेवाळ आणि आपला जमाखर्च

या पानावर शेवाळाचा विषय कसा, असे काहींना वाटेल. पण काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमचा रंगीत कापडाचा एक लॉट परत आला. सकाळच्या आणि दुपारच्या रंगाईत छटेचा फरक होता. रंग तोच, माप तेच, कारागीरही तोच. दोष निघाला उघड्या हौदातल्या हिरव्या पाण्यात.

शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. त्यामुळे दुपारी पाणी अल्कलीकडे झुकते आणि रात्री पुन्हा उतरते. रिॲक्टिव्ह रंग अल्कलीनेच पक्का होतो. पाणी आधीच तसे असेल तर रंग घाईने आणि कमीजास्त धरतो.

मग पाणी तापले तरी शेवाळ मरत का नाही? त्याचाही एक जमाखर्च आहे. उजेडापासून अन्न बनवणे ही त्याची आमदनी आणि श्वसन हा खर्च. उष्णतेत आमदनीपेक्षा खर्च झपाट्याने वाढतो आणि वाढ खुंटते. इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी क्लोरेला हे गोड्या पाण्यातले शेवाळ उष्ण पाण्यात वाढवून पाहिले. सुमारे १०० पिढ्यांत त्याने खर्च आटोक्यात आणला आणि ते पुन्हा वाढू लागले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शेवाळाच्या १०० पिढ्या म्हणजे काही आठवडेच!

दुसरी युक्ती चरबीची. पेशीच्या पडद्यातली चरबी उष्णतेत फार पातळ होऊ नये म्हणून शेवाळ तेलासारखी चरबी कमी करून तुपासारखी वाढवते. तिसरी युक्ती साठ्याची. फॉस्फरस भरपूर असेल तेव्हा ते साठवते. टंचाईत काही जाती पडद्यात त्याच्या जागी गंधकाची चरबी वापरतात. निळे-हिरवे शेवाळ तर आणखी हुशार. त्याच्या काही जाती हवेतला नायट्रोजन घेतात, काही वायूच्या पोकळ्यांवर तरंगत उजेडाकडे येतात. कोमट, संथ पाणी त्यांना फार मानवते.

त्यांना खाऊ कोण घालतो? शहराचे सांडपाणी, शेतातले खत आणि आपणही. छपाईतला युरिया, पाणी मऊ करण्याचे हेक्झामेटाफॉस्फेट, सायझिंगची खळ. खळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मग तळाचा गाळ धरून ठेवलेला फॉस्फरस सोडतो. नाशिकचे पाणी गोदावरीतून नांदूर मधमेश्वरला जाऊन थबकते. रामसर यादीत आलेले हे पाणथळ आपल्याच जिल्ह्यात आहे. मालेगावचे पाणी मोसमेतून गिरणेत उतरते.

उपाय साधे आहेत. हौदावर झाकण ठेवा. उजेडाशिवाय शेवाळ वाढत नाही. तळाचा गाळ उन्हाळ्यापूर्वी काढा. पीएचचा कागद सकाळी आणि दुपारी, दोनदा लावा. खळीचे व छपाईचे पाणी शुद्ध केल्याशिवाय नाल्यात सोडू नका. भरल्या हौदात मोरचूद टाकू नका. निळे-हिरवे शेवाळ मरताना त्याचे विष पाण्यात सुटते, आणि तांब्याने रंगाची छटाही बदलते. असे पाणी उकळूनही पिण्याजोगे होत नाही, हे कामगारांना जरूर सांगा.

झाकणाचा खर्च एकदाच येतो. परत आलेल्या लॉटची खोट आम्ही दोन हंगाम भरून काढत होतो.