ऊसतोडणी यंत्राच्या कक्षात गरम हवा येऊ लागल्यास

ऊसतोडणी यंत्राचा चालक काचेच्या बंद कक्षात बसून काम करतो. चोहोबाजूंनी पाचट व धूळ उडत असल्याने काचा उघडून बसणे त्याला शक्य नसते. आणि गाळप हंगाम लांबून मार्च-एप्रिलपर्यंत गेला म्हणजे काचेतून येणारे ऊन व इंजिनाची धग यांनी तो कक्ष भट्टीसारखा तापतो. अशा यंत्रावरील वातानुकूलनाची सोय चैनीसाठी केलेली नसते. उष्म्याने थकलेल्या चालकाचे अवधान सुटते, आणि ज्या यंत्राच्या पुढे पाती फिरत असतात व मागे माणसे वावरत असतात तेथे अवधान सुटणे परवडणारे नाही. सबब, थंड हवेऐवजी गरम हवा येऊ लागली तर ती किरकोळ तक्रार समजून हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलणे योग्य नव्हे. बंद कक्षाच्या ट्रॅक्टरला व घरच्या मोटारीलाही पुढील विवेचन बहुतांशी लागू पडते, कारण यंत्रणा एकच आहे.

गरम हवा येताच "गॅस संपला" असे ठरवून तो भरून आणण्याची प्रथा सर्वत्र आढळते. हा समज मुळातच चुकीचा आहे. डिझेल जळून संपते तसा हा गॅस कामाने संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस पुनःपुन्हा फिरत असतो. रबरी नळ्या व सांधे यांतून वर्षानुवर्षे अत्यल्प गॅस झिरपतो हे खरे. परंतु एका हंगामात गॅस इतका कमी व्हावा की हवा गरम यावी, असे घडल्यास कोठे तरी गळती आहे हे निश्चित समजावे. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या पाटात सोडलेले पाणी होय. शिवाय पुष्कळदा गॅस पुरेसा असतो व दोष भलतीकडेच असतो.

यंत्रणेचे कार्य

माठातील पाणी पाझरून त्याची वाफ होते व ती जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ गार राहतो. वातानुकूलन यंत्रात हेच घडते. फरक इतकाच, की येथे वाफ वाया न जाऊ देता तिचे पुन्हा द्रव करून घेतात. आज बहुतेक यंत्रांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्या हवेत तो शून्याखाली सुमारे २६ अंश सेंटिग्रेडलाच उकळतो. कक्षातील कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबाखाली त्याची वाफ होते व ती कक्षातील उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ही वाफ ओढून दाबतो. दाबल्याने तापलेली वाफ कंडेन्सरमध्ये येते, तेथे पंख्याच्या वाऱ्याने आपली उष्णता बाहेर टाकते व पुन्हा द्रव होते. पुढे ड्रायरच्या बाटलीतून व एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून ती पुन्हा कूलिंग कॉइलकडे जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता बाहेर नेऊन टाकते. टाकण्याची जागाच बंद झाली तर आत कितीही गॅस असला तरी उपयोग नाही.

प्रथम कंडेन्सर पाहावा

रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला वाऱ्याची आपोआप मदत होते. म्हणूनच मोटार धावताना हवा गार येत असेल व ती उभी राहताच गरम होत असेल, तर कंडेन्सरच्या पंख्याचा संशय घ्यावा. ऊसतोडणी यंत्र मात्र माणसाच्या चालीने सरकते. त्याला वाऱ्याची मदत जवळजवळ नाहीच. सारा भार पंख्यावर व कंडेन्सरच्या स्वच्छतेवर असतो. आणि याच यंत्राच्या भोवती पाचटाचा भुसा सर्वांत अधिक उडतो. उसाच्या रसाचा चिकटपणा मिसळला म्हणजे हा भुसा पत्र्यांमध्ये लिंपल्यासारखा बसतो. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण त्यामागे किंवा त्याच्या व रेडिएटरच्या फटीत गादीसारखा थर साचलेला असतो. सकाळी गार व दुपारी गरम हवा येणे हे याचे नेहमीचे लक्षण होय.

कंडेन्सर काही यंत्रांत रेडिएटरपुढे, तर काहींत कक्षाच्या छतावर असतो. इंजिन बंद करून ते निवल्यावर जाळी काढावी व हवेचा झोत आतून बाहेर, म्हणजे वारा ज्या दिशेने आत शिरतो तिच्या उलट दिशेने, सोडावा. ॲल्युमिनियमचे पत्रे अतिशय मऊ असतात. झोताचे तोंड फार जवळ नेल्यास ते आडवे होतात व वाट कायमची बंद होते. चिकट थर असल्यास साध्या पाण्याने भिजवून हलकेच धुवावे. तोडणी चालू असताना हे काम रोजच्या ग्रीसिंगबरोबरच उरकावे. त्यास थोडकाच वेळ लागतो, आणि गॅस भरण्याचे कित्येक खर्च याने टळतात.

त्याच वेळी पंखा योग्य दिशेने व पूर्ण वेगाने फिरतो की नाही हे पाहावे. कक्षाचा धूळगाळक तुंबला असेल तर हवा गरम येण्यापेक्षा कमी येते, हा भेद लक्षात ठेवावा. (फवारणीसाठी बंद कक्षाचा ट्रॅक्टर वापरणाऱ्यांनी येथे एक गोष्ट विसरू नये: साधा धूळगाळक औषधाची वाफ अडवीत नाही.)

क्लच, पट्टा व हीटर

कंडेन्सर स्वच्छ असूनही हवा गरम येत असल्यास इंजिन चालू करून एका माणसाने बटण दाबावे व दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून कॉम्प्रेसरकडे पाहावे. पट्ट्याची पुली नेहमीच फिरते. पाहावयाचे ते तिच्या पुढची चकती. बटण दाबताच "टक्" असा आवाज होऊन चकती फिरू लागली पाहिजे. ती स्थिर राहिली तर फ्यूज, रिले, तारेचा सुटलेला सांधा व क्लचची गुंडाळी यांची तपासणी करावी. धक्के खाणाऱ्या यंत्रात तारा घासून तुटणे हा फार साधा दोष आहे. मात्र गॅस फारच कमी झाला असल्यास दाबाचे स्विच स्वतःच कॉम्प्रेसर बंद ठेवते; यासाठी क्लच लागत नाही एवढ्यावरून क्लचच बदलू नये, आणि ते स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर बळजबरीने तर कधीच चालवू नये. गॅसबरोबरच वंगणाचे तेल फिरत असते. गॅस नसता चालविलेला कॉम्प्रेसर जळतो.

ज्या कक्षात हीटर आहे तेथे आणखी एक शक्यता असते. इंजिन थंड असताना पहिली काही मिनिटे हवा गार येते व इंजिन तापेल तसतशी गरम होते, असे असल्यास हीटरचा नळ पूर्ण बंद होत नसावा. हीटरकडे जाणाऱ्या व येणाऱ्या दोन्ही नळ्या तापलेल्या असतील तर संशय दृढ होतो. येथे थंड यंत्रणा आपले काम करीत असते, पण गरम पाणी तिचे काम मोडीत असते.

दाबाची मोजणी

इतके झाल्यावरच माहीतगार मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंचे दाब मोजून घ्यावेत. यंत्र बंद असता, सुमारे ३० अंश तापमानात, दोन्ही काटे ९५ ते १०० पौंडांच्या आसपास स्थिरावतात. एवढ्यावरून गॅस पुरेसा आहे असे मात्र म्हणता येत नाही. आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी काटा तेथेच येतो. निर्णय यंत्र चालवूनच करावा. ३५ अंशांच्या उन्हात कमी दाबाची बाजू साधारण ३० ते ४५ पौंड व जास्त दाबाची २०० ते २५० पौंडांच्या दरम्यान असते; नेमके आकडे यंत्राच्या माहितीपुस्तकातून घ्यावेत. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही फार वाढलेले असतील तर कंडेन्सर तुंबलेला, पंखा मंद, अथवा गॅस गरजेपेक्षा जास्त. अशा वेळी आणखी गॅस भरणारा मिस्त्री रोग वाढवीत असतो. कमी बाजूचा दाब चढलेला व जास्त बाजूचा उतरलेला असेल तर कॉम्प्रेसर झिजला, आणि कमी बाजू निर्वाताकडे झुकत असेल तर व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला असे समजावे.

गळती असेल तेथे बहुधा तेलाचा डाग व त्यावर धूळ चिकटलेली आढळते. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. दाब द्यावयाचा झाल्यास नायट्रोजन वापरावा. ऑक्सिजन तेलाशी मिळून स्फोट होतो. दुरुस्तीनंतर ड्रायर बदलावा व पंपाने नळ्यांतील हवा व ओल अर्धा तास तरी काढून निर्वात टिकतो की नाही हे पाहावे. मगच गॅस वजन करून भरावा. अंदाजाने भरू देऊ नये. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस किंवा त्याचे मिश्रण भरणारे लोक आढळतात. वाळलेल्या पाचटात उभ्या असलेल्या, तापलेल्या इंजिनाच्या यंत्रात असा ज्वालाग्राही गॅस भरणे जिवावर बेतू शकते. आर-१३४ए स्वतः सहज पेटत नाही, पण ज्वालेत सापडल्यास त्यापासून विषारी वायू होतो, म्हणून भरलेल्या नळ्यांजवळ वेल्डिंग करू नये. द्रव अंगावर उडाल्यास त्वचा गोठते. हातमोजे व चष्मा आवश्यक आहेत. नळ्या खोलण्यापूर्वी गॅस हवेत न सोडता यंत्राने परत गोळा करावा, कारण वातावरण तापविण्याची त्याची शक्ती वजनावारी कर्बद्विप्राणिल वायूच्या हजारपटीहून अधिक आहे.

हंगाम संपून यंत्र शेडमध्ये उभे राहिल्यावर कंडेन्सर धुवून ठेवावा व पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून दहा मिनिटे वातानुकूलन चालवावे. तेल फिरत राहिल्याने कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सील सुकत नाही, आणि गॅस निसटण्याची एक वाट तरी बंद राहते.