सालबाईचा तह : युद्ध चालू असता मतभेद कसा धरावा



युद्ध दूरच्या देशात चालले असले तरी त्याचा वाद आपल्या ओटीवर येतो. भिवंडीत यंत्रमागांच्या गाळ्यांलगत चहाची दुकाने आहेत. तेथे सकाळी वर्तमानपत्र उघडले, आणि त्यात कोठल्याही युद्धाची बातमी असली, की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "शत्रूस पुरता नमविल्यावाचून बोलणे कसले?" दुसरा म्हणतो, "माणसे मरत आहेत. बोलणे आजच सुरू करा." थोड्याच वेळात पहिल्यास 'निर्दय' व दुसऱ्यास 'भ्याड' अशी नावे मिळतात, आणि युद्धाचा प्रश्न बाजूस राहून माणसांचेच माप काढणे सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका घरात चुलत्या-पुतण्यांमध्ये अशाच वादावरून कित्येक दिवस अबोला राहिला. ज्या युद्धासाठी ते भांडले, त्यात लढणाऱ्या एकाही माणसास त्या दोघांपैकी कोणी पाहिले नव्हते.

यावरून आम्ही दोन प्रश्न पुढे ठेवतो. युद्ध चालू असता त्याविषयी निराळे मत धरणे हा द्रोह आहे काय? आणि बोलण्याने झालेली शांती टिकावी म्हणून काय काय लागते? उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच तालुक्यातील एका शेतापासून आरंभ करू.

१. दुगाडचे धुके

भिवंडीहून वाड्याच्या बाजूस गेले म्हणजे वज्रेश्वरीच्या अलीकडे दुगाड गाव लागते. १७८० च्या डिसेंबरात येथे मराठ्यांचे व इंग्रजांचे सैन्य समोरासमोर उभे होते. इंग्रज सेनापती गॉडर्ड याने वसईच्या किल्ल्यास वेढा घातला होता. घाटावरून मराठ्यांची फौज उतरून वेढा उठवू नये म्हणून हार्टले नावाचा अंमलदार आपली पलटणे घेऊन मध्ये आडवा होता. वसई सोडविण्यासाठी आलेल्या मराठी फौजेचा नायक रामचंद्र गणेश हा होता. १२ डिसेंबरच्या सकाळी दाट धुके पडले होते. त्या धुक्याच्या आश्रयाने त्याने टेकडीवरील इंग्रजांच्या ठाण्यावर चाल केली. धुके एकाएकी विरले, तोफा सुरू झाल्या, आणि रामचंद्र गणेश जागीच पडला.

ज्या वसईसाठी ही धडपड होती, ती आदल्याच दिवशी, ११ तारखेस, शत्रूच्या हाती गेली होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पाठाच्या शेवटी तिचा हिशेब करावयाचा आहे.

२. भांडणाचे मूळ

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि त्याचा चुलता रघुनाथराव गादीवर बसला. पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्याविरुद्ध एकी केली. हेच बारभाईंचे कारस्थान. १७७४ च्या एप्रिलात नारायणरावाच्या पत्नीस पुरंदरावर पुत्र झाला, आणि तोच सवाई माधवराव पेशवा ठरला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेला. मुंबईच्या इंग्रज सरकारास साष्टी व वसई यांची फार दिवसांची इच्छा होती. १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७७५ च्या मार्चात सुरतेस रघुनाथरावाशी तह केला: त्याने साष्टी व वसई द्यावी, इंग्रजांनी त्यास गादीवर बसविण्यासाठी सैन्य द्यावे. घरातील तंटा बाहेरच्यापाशी नेला म्हणजे त्याची किंमत कोण भरतो, हे येथून पुढे दिसते.

३. प्रत्येक छावणीत दोन मते

शाळेत आपण शिकतो की हे युद्ध 'मराठे' व 'इंग्रज' यांचे होते. खरे पाहता दोहोंकडे एकमत कधीच नव्हते.

प्रथम इंग्रजांकडे पाहू. १७७३ च्या कायद्याने मुंबई सरकारवर कलकत्त्याच्या मंडळाची देखरेख आली होती. आपणांस न विचारता मुंबईने युद्ध आरंभिले हे पाहून कलकत्त्याने त्या युद्धास अन्यायाचे व अविचाराचे ठरविले आणि कर्नल अप्टन यास पुण्याकडे तहासाठी पाठविले. इकडे विलायतेतील कंपनीच्या संचालकांनी मुंबईचीच बाजू उचलून धरली. पुढे कलकत्त्याच्या मंडळातच फूट पडली. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज युद्धास पैसा व फौज देऊ लागला. फिलिप फ्रॅन्सिस विरोध करीत राहिला. दोघांचा वाद इतका चिघळला की १७ ऑगस्ट १७८० रोजी त्यांनी एकमेकांवर पिस्तुले झाडली. फ्रॅन्सिस जखमी झाला आणि त्याच वर्षाअखेर विलायतेस निघून गेला. त्यामुळे युद्ध एक दिवसही कमी झाले नाही.

आता पुण्याकडे पाहा. नाना फडणीस रघुनाथरावास पाय ठेवू द्यावयास तयार नव्हता. त्याचाच चुलतभाऊ मोरोबा रघुनाथरावाच्या पक्षाचा. १७७८ साली मोरोबाने कारभार हाती घेतला, आणि त्याच वर्षी तो कैदेतही पडला. सखारामबापू बोकिलासारखा जुना मुत्सद्दीही पुढे संशयावरून कैदेत गेला. एकाच घरचे व एकाच दप्तरचे लोक दोन मतांचे होते. मग आपल्या चहाच्या दुकानात दोन मते पडली तर नवल ते काय? मतभेद हा दोष नव्हे. मतभेद झाला की दुसऱ्याची माणुसकी नाकारावी, त्यास पिस्तुलाने किंवा बेडीने उत्तर द्यावे, हा दोष होय.

४. पहिली शांती का मोडली

अप्टनच्या बोलण्यावरून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यात मुख्य गोष्टी या ठरल्या: इंग्रजांनी रघुनाथरावाचा पक्ष सोडावा, त्यास दरमहा २५,००० रुपये नेमणूक मिळावी आणि त्याने कोपरगावी राहावे, साष्टी इंग्रजांकडे राहावी. तह कागदावर झाला, पण पाळला गेला नाही. मुंबईच्या मंडळीस तो वरून लादल्यासारखा वाटला. त्यांनी रघुनाथरावास आश्रय देणे चालूच ठेवले. पुण्यात फ्रेंचांचा वकील सें लुबें याचे स्वागत झाले, त्याने इंग्रजांचा संशय आणखी वाढला.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईचे सैन्य रघुनाथरावास घेऊन पुण्यावर निघाले. बोरघाट चढून ते तळेगावापर्यंत आले, तो पुढचा मुलूख ओस व चारा-दाणा जाळलेला. जड तोफा तळ्यात टाकून ते रातोरात मागे फिरले आणि वडगावी कोंडले गेले. १७७९ च्या जानेवारीत तेथे त्यांना तह लिहून द्यावा लागला. ज्या इष्टूर फाकड्याचे नाव मावळात अजून घेतात, तो इंग्रज कप्तान स्टुअर्ट याच मोहिमेत मारला गेला. संकटात लिहून दिलेला हा तह मुंबई व कलकत्ता या दोघांनीही नाकारला.

म्हणजे तह मोडण्याचे दोन मार्ग आपण पाहिले. पुरंदरचा तह मोडला, कारण जे पाळावयाचे त्यांची मने वळविली नव्हती. वडगावचा मोडला, कारण तो गळ्यावर पाय ठेवून घेतला होता. ज्याने सही करावयाची तो निराळा आणि ज्याने पाळावयाचे तो निराळा, असे असले म्हणजे शांती टिकत नाही.

५. सालबाई

१७८० साली इंग्रजांस अमदाबाद, ग्वाल्हेर व वसई मिळाली. पण त्याच वर्षी म्हैसुरच्या हैदर अलीने कर्नाटकात उतरून त्यांच्या फौजेची दाणादाण केली. १७८१ च्या एप्रिलात गॉडर्डला बोरघाटावरून पनवेलीपर्यंत मार खात परतावे लागले. उत्तरेत महादजी शिंद्यासही त्याच्याच मुलखात लढाईचा चटका बसला. जय कोणाचाच पुरता होईना.

तेव्हा ज्या हेस्टिंग्जने फौजा धाडल्या होत्या, तोच मध्यस्थ शोधू लागला. प्रथम त्याने नागपूरकर भोसल्यांच्या द्वारे प्रयत्न केला. मग १३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूर व महादजी यांचा करार झाला, आणि उभय पक्षांत बोलणे घडवून आणण्याचे महादजीने पत्करले. ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई नावाचे खेडे आहे. तेथे १७ मे १७८२ रोजी तह ठरला. त्याची १७ कलमे होती, आणि दोन्ही पक्षांकडून तो पाळला जावा यास महादजी स्वतः जामीन राहिला.

पुण्यास मात्र नाना सही करीना. त्यास युद्धखोर म्हणणे सोपे आहे, पण त्याची अडचण खरी होती. साष्टी परत मिळत नव्हती. आणि ज्या हैदराशी इंग्रजांविरुद्ध एकी केली होती, त्यास न विचारता त्याने जिंकलेला मुलूख सोडावा असे तहात लिहिले होते. मित्रास मध्येच टाकून केलेल्या शांतीला नाव काय द्यावे, हा त्याचा प्रश्न होता. हैदर ७ डिसेंबर १७८२ रोजी मरण पावला. त्याच महिन्याच्या २० तारखेस पेशव्यांचे शिक्कामोर्तब झाले, आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहाच्या पत्रांची अदलाबदल झाली.

शांती आधी मागणारा महादजी शूर नव्हता असे कोण म्हणेल? आणि उशीर लावणारा नाना निर्दय होता असे तरी कोणी म्हणावे? दोघांसही आपला मुलूख प्रिय होता.

६. हिशेब

आता सालबाईची मुख्य कलमे पाहा. इंग्रजांनी रघुनाथरावाचा पक्ष सोडावा. त्यास दरमहा २५,००० रुपये मिळावे. साष्टी इंग्रजांकडे राहावी. पुरंदरच्या तहानंतर घेतलेली ठाणी, वसईसुद्धा, पेशव्यांस परत द्यावी. काही कलमे निराळी होती खरी, पण गाभा तोच. १७७६ साली जे ठरले होते, तेच १७८२ साली पुन्हा ठरले. नेमणुकीचा आकडादेखील बदलला नाही.

मध्ये सहा वर्षे गेली. तळेगावचा जळलेला मुलूख, बोरघाटातील प्रेते, वसईचा वेढा आणि दुगाडच्या टेकडीवरील ती सकाळ, ही सर्व त्या सहा वर्षांत आली. ज्या वसईसाठी रामचंद्र गणेश पडला, ती अखेर तलवारीने नव्हे, कागदाने परत आली. ज्याच्यासाठी युद्ध पेटले तो रघुनाथराव कोपरगावकडे जाऊन १७८३ सालीच वारला. दुगाड, वज्रेश्वरी, कल्याण व भिवंडी येथील ज्या कुणब्यांच्या शेतांतून दोन्ही फौजा गेल्या, त्यांस ना पुरंदरास कोणी विचारले, ना सालबाईस.

कोणी म्हणेल, "लढल्यावाचून ही अक्कल आली नसती." असेल. ज्याने अन्यायाने चढाई केली त्यास थांबविण्यासाठी पुणेकरांस शस्त्र धरावे लागले, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या अटींवर शेवटी थांबावयाचे, त्या अटी पहिल्या वर्षी पुढे असता मनुष्य सहा वर्षे का थांबत नाही, हा प्रश्न प्रत्येक युद्धात विचारण्यासारखा आहे. तो विचारणारा भ्याड नव्हे.

तसेच, तह म्हणजे सर्व काळची शांती असे समजू नये. सालबाईने पुणे व इंग्रज यांच्यामध्ये सुमारे वीस वर्षे तलवार म्यानात ठेवली. मग १८०२ च्या अखेरीस रघुनाथरावाचाच पुत्र बाजीराव याने, त्याच वसईत, इंग्रजांशी तह केला, आणि १८०३ साली पुन्हा युद्ध झाले. घरातील तंटा पुन्हा बाहेरच्या दारी गेला. तरीही वीस वर्षे थोडी नव्हेत. एवढ्या काळात पाळण्यातले मूल आपले मूल पाळण्यात घालते.

७. आपण काय करावे

युद्धाविषयी बोलताना तीन नियम पाळावे असे आम्हांस वाटते. पहिला, विरुद्ध मताच्या मनुष्याचे म्हणणे त्यास मान्य होईल अशा शब्दांत आधी आपण सांगावे, मग उत्तर द्यावे. दुसरा, 'पुरता जय' म्हणणाऱ्याने जयाची किंमत कोण भरणार ते सांगावे, आणि 'आजच शांती' म्हणणाऱ्याने त्या शांतीत कोणाचा मुलूख वा कोणता मित्र सुटतो ते सांगावे. तिसरा, आपल्या घरात शिरलेला अबोला आपणच मोडावा. ज्यांस चुलत्याशी तह करता येत नाही, त्यांनी राजांस तह शिकवू नये.

त्या घरातील पुतण्याने एके दिवशी चुलत्यापुढे वर्तमानपत्र ठेवले आणि म्हटले, "काका, आज तुम्ही माझी बाजू सांगा, मी तुमची सांगतो." दोघांचीही मते आहेत तशीच आहेत. चहा मात्र पुन्हा एकत्र होतो.

बैठकीत विचार करण्यासाठी प्रश्न :

(१) पुरंदर व वडगाव येथील तह का टिकले नाहीत? प्रत्येकाचे कारण निराळे सांगा.

(२) सहीस उशीर लावण्यात नानाची बाजू कोणती होती? ती तुम्हांस पटते काय?

(३) महादजी जामीन राहिला याचा उपयोग काय झाला? आपल्या गावच्या तंट्यात असा जामीन कोण होऊ शकेल?

(४) ज्यांच्या शेतांतून फौजा जातात त्यांचे म्हणणे तहाच्या वेळी ऐकले जावे, यासाठी काय करता येईल?