समानार्थी भासणारे इंग्रजी शब्द : अर्थभेद आणि उपयोजन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• समानार्थी भासणाऱ्या इंग्रजी शब्दांतील अर्थभेद कोणत्या निकषांवर ओळखावा, हे सांगता येईल.
• असे शब्द मराठीत आणताना योग्य पर्यायाची निवड करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, ‘हिअर’ आणि ‘लिसन’ या दोन्ही इंग्रजी क्रियापदांसाठी आपण ‘ऐकणे’ हा एकच मराठी शब्द पाठ केलेला असतो. त्यामुळे हे शब्द परस्परांच्या जागी चालतील, असा समज होतो. प्रत्यक्षात कोणत्याही भाषेत सर्व संदर्भांत एकमेकांची जागा घेऊ शकतील असे दोन शब्द क्वचितच सापडतात. एका मराठी शब्दाखाली दोन इंग्रजी शब्द झाकले जातात, तेथेच लेखकाची व अनुवादकाची चूक होण्याचा संभव अधिक असतो.

२. समानार्थी शब्दांची विपुलता

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार, न्याय आणि प्रशासन यांच्या व्यवहारातून फ्रेंच शब्द इंग्रजीत मोठ्या प्रमाणावर आले. पुढे विद्याव्यवहारातून लॅटिन शब्दांची भर पडली. त्यामुळे एकाच आशयक्षेत्रात ‘आस्क’ हा मूळचा, ‘क्वेश्चन’ हा फ्रेंचमधून आलेला आणि ‘इंटरॉगेट’ हा लॅटिन कुळातील शब्द शेजारी शेजारी नांदतात. पहिला रोजच्या बोलण्यातला. दुसऱ्यात अविश्वासाची किंवा औपचारिकतेची छटा. तिसरा पोलिसी चौकशीचा. मराठीतही असे स्तर आहेत. तहान लागल्यावर कोणी ‘जल’ मागत नाही आणि शासकीय खात्याला ‘पाणीसंपदा विभाग’ म्हटले जात नाही. अशा शब्दांत वस्तू एकच असली, तरी प्रसंग वेगळा असतो.

३. अर्थभेदाचे प्रकार

३.१ कर्त्याची भूमिका : ‘हिअर’ म्हणजे ध्वनी आपोआप कानी पडणे, तर ‘लिसन’ म्हणजे हेतुपूर्वक लक्ष देणे. मराठीत हा भेद ‘मला आवाज ऐकू आला’ आणि ‘मी भाषण ऐकले’ या दोन रचनांतून व्यक्त होतो. ‘सी’ आणि ‘लुक’ यांचे नाते ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ यांसारखे आहे. ‘वॉच’मध्ये काही काळ लक्ष ठेवून पाहणे अभिप्रेत असते, म्हणून क्रिकेटचा सामना ‘वॉच’ करतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘मला पक्षी दिसत आहे’ हे मराठीत स्वाभाविक असले, तरी या अर्थी ‘सी’ सामान्यतः चालू काळात येत नाही. तेथे ‘आय कॅन सी अ बर्ड’ अशी रचना होते.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या जोडीत भूमिका उलट होतात. मराठीत ‘उसने’ हा शब्द तोच राहतो आणि ‘घेणे’ किंवा ‘देणे’ यांवरून दिशा कळते. इंग्रजीत क्रियापदच बदलते. ग्राहक ‘बॉरो’ करतो, बँक ‘लेंड’ करते. कर्जाच्या अर्जात यांची अदलाबदल झाली, तर ऋणको आणि धनको यांचीच अदलाबदल होते.

३.२ साधित शब्दांतील भेद : ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात महत्त्वाचे ठरलेले, ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंधित. १ मे १९६० रोजी झालेली महाराष्ट्र राज्याची स्थापना ही ‘हिस्टॉरिक’ घटना होय, तर शिवकालावरील कादंबरी ‘हिस्टॉरिकल’. मराठीतील ‘ऐतिहासिक’ हे विशेषण दोन्ही अर्थ वाहते. याउलट ‘इकॉनॉमिक’साठी ‘आर्थिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’साठी ‘किफायतशीर’ असे स्वतंत्र पर्याय मराठीत उपलब्ध आहेत.

३.३ साहचर्य : ‘स्ट्राँग’ आणि ‘पॉवरफुल’ यांचा कोशातील अर्थ जवळचा आहे; तरीही चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. या निवडीमागे तर्कापेक्षा रूढी अधिक असते. ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी शब्दार्थाच्या विचारात अशा साहचर्याला महत्त्वाचे स्थान दिले. म्हणून अनुवादात सुट्या शब्दाचा नव्हे, तर शब्दबंधाचा पर्याय शोधावा : ‘स्ट्राँग टी’ म्हणजे ‘कडक चहा’, ‘हेवी रेन’ म्हणजे ‘मुसळधार पाऊस’.

४. विशेष उदाहरण : कायद्याची भाषा

बोलण्यात ‘थेफ्ट’, ‘रॉबरी’ आणि ‘डकॉइटी’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. भारतीय फौजदारी कायद्यात मात्र ते तीन भिन्न अपराध आहेत. संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू नेणे म्हणजे ‘थेफ्ट’ अर्थात चोरी. ती करताना इजा केली किंवा तात्काळ इजेची भीती घातली, तर ती ‘रॉबरी’, म्हणजे जबरी चोरी होते. पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून जबरी चोरी केली, तर ती ‘डकॉइटी’ म्हणजे दरोडा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील हे भेद २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहेत. या तिन्हींच्या शिक्षा वेगवेगळ्या आहेत. म्हणूनच दोघांनी धमकावून पैसे हिसकावल्याच्या बातमीत ‘दरोडा’ हा शब्द घातल्यास भाषा केवळ भडक होत नाही, तर त्या व्यक्तींवर अधिक गंभीर अपराधाचा आरोप केल्यासारखे होते.

५. सारांश

जवळच्या अर्थाच्या दोन शब्दांतून निवड करताना पुढील प्रश्न विचारावेत : कर्त्याची भूमिका कोणती? शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो? प्रसंग घरगुती, औपचारिक की पारिभाषिक? शब्दार्थ पाठ करण्याऐवजी वाक्ये टिपून ठेवण्याची सवय लावल्यास हे भेद हळूहळू अंगवळणी पडतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांतील भेद मराठी वाक्यरचनांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘हाउस’ आणि ‘होम’ या शब्दांची प्रत्येकी दोन वाक्ये मिळवून त्यांचा मराठी अनुवाद करा. ‘घर’ हा पर्याय सर्वत्र पुरतो का, ते सांगा.
३. वृत्तपत्रातील चोरीविषयक तीन बातम्या वाचून त्यांतील शब्दयोजना तपासा.