खलनायकाचा बेत तेवढा छापलेला असतो

पालकहो, घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल आणि त्याला स्पायडरमॅनचं वेड असेल, तर एखाद्या वाढदिवसाला एक वेगळीच मागणी कानावर येईल. गेम हवाय, पण मोबाइलवरचा नको, पुस्तकातला हवाय! तुम्ही ते पुस्तक उघडून बघाल आणि बुचकळ्यात पडाल. गोष्ट म्हणावी तर ती सलग नाही. मध्येच इमारतीचा नकाशा, मध्येच खलनायकाच्या ताकदीचे आकडे, मध्येच चौकटीत मोठ्याने वाचून दाखवायच्या चार ओळी. आणि किंमत परदेशी.

हे पुस्तक चौघा-पाचजणांनी टेबलाभोवती बसून खेळायचं असतं. एक जण गेममास्टर होतो. शहर, पोलीस, बघे, खलनायक, सगळे त्याच्याकडे. बाकीचे एकेक सुपरहिरो. आपण काय करतोय ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. ज्यांनी वगनाट्य पाहिलंय त्यांना हे पटकन उमजेल. वगाचं कथानक ठरलेलं असतं, पण राजा आणि प्रधान एकमेकांना काय बोलतील ते समोरच्या रंगतीवर अवलंबून. छापलेलं साहस, म्हणजे या मंडळींच्या भाषेत ‘अ‍ॅडव्हेंचर’, हा तसाच वगाचा आराखडा आहे.

हा प्रकार अमेरिकेतला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला आणि पाचेक वर्षांत सुपरहिरोंची पाळी आली. ‘व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज’ हा १९७९ चा खेळ जेफ डी आणि जॅक हरमन या विशीच्या आतल्या दोन मित्रांनी रचला. त्यात हिरो म्हणून तुम्ही स्वतःच असायचं, फक्त अंगात एखादी अचाट शक्ती. या खेळासाठी साहसं लिहिणारा आणि त्यातली चित्रं काढणारा बिल विलिंगहॅम पुढे ‘फेबल्स’ या गाजलेल्या कॉमिक-मालिकेचा लेखक झाला. मुलं ‘नुसती खेळत बसतात’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

सुपरहिरोंच्या साहसाची एक गंमत आहे. राक्षसांच्या गुहेत नायक आपण होऊन शिरतो, खजिन्याच्या आशेने. सुपरहिरो मात्र सहसा आपण होऊन काहीच सुरू करत नाही. बँक लुटली जाते, पूल कोसळतो, मग तो धावतो. म्हणून असं साहस लिहिणारा आधी खलनायकाचा बेत लिहितो: त्याला काय हवंय, कोणी अडवलं नाही तर तो पुढे काय करील. हिरो काय करतील, ती जागा कोरी. काही लेखकांना ती कोरी ठेवता येत नाही, हेही खरं. मग एका मारामारीतून दुसऱ्या मारामारीत मुलांना ढकलत नेणारी साहसं तयार होतात, आणि ती विकतही घेतली जातात. मी तरी असं पुस्तक घेणार नाही. चाळून बघा: ‘हिरो हरले तर’, ‘हिरो भलतीकडेच गेले तर’ यांवर काही लिहिलंय का? असेल तर लेखकाचा खेळणाऱ्यांवर भरवसा आहे.

नियमांत काय दडलंय, तेही बघा. टीएसआर कंपनीच्या १९८४ च्या ‘मार्व्हल सुपर हिरोज’मध्ये ‘कर्मा’ नावाचे गुण होते. लोकांना वाचवलं, गुन्हा रोखला की ते वाढत. फासा कमी पडला तर तेच गुण खर्चून वाढवता येई आणि स्वतःची ताकदही त्यातूनच वाढे. पण हिरोने कोणाचा जीव घेतला तर साठवलेला सगळा कर्मा शून्य. मॅग्नेटोसारख्या खलनायकाच्या माणसांशी झुंजताना मुलांचा हात का आवरतो, हे सांगायला वेगळं व्याख्यान लागत नाही.

आता तुमच्या-माझ्या वर्मावर बोट ठेवणारा खेळ. ब्रेंडन कॉनवेचा ‘मास्क्स’. यात सगळे हिरो किशोरवयीन. त्यांच्या अंगात बळ किती हे आकडे सांगत नाहीत. स्वतःकडे ते कसे बघतात हे सांगतात. मी धोकादायक आहे, मी तारणहार आहे, मी इतरांपेक्षा वेगळाच आहे, असे पाच आकडे. खेळ सुरू होतानाच प्रत्येक मोठ्या माणसाचा या मुलांवर प्रभाव आहे असं धरलेलं असतं. एखाद्या मोठ्याने ‘तू असाच आहेस’ म्हटलं की एक आकडा चढतो, दुसरा उतरतो. मुलाला ते नाकारता येतं, पण त्यासाठी फासे टाकावे लागतात, आणि फासे उलटे पडले तर ते बोलणं जास्तच लागतं. शिवाय फासा फसला की अनुभवाची एक खूण मिळते. चुकत चुकतच हिरो मोठा होतो. चौदा वर्षांची मुलगी हे टेबलावर हसत हसत खेळते. आपण जेवताना तिला काय काय म्हणतो, ते एकदा आठवून बघा.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच पालकांनी अशा खेळांची धास्ती घेतली होती. मुलं भूतखेतांच्या नादी लागतील, जिवाचं काही करून घेतील, असा गवगवा झाला. ती भीती पोकळ निघाली. काळजी करायची तर वेगळ्या गोष्टीची करा: सुपरहिरो दिसला म्हणजे पुस्तक लहानांचं असतंच असं नाही. ‘वॉचमेन’ या कॉमिकवर मेफेअर गेम्सने त्याच दशकात साहसं काढली होती, ती मूळ कथाच प्रौढांची. वेष्टनावरचं वय वाचा.

पहिल्या खेपेला महागडं जाडं पुस्तक घेऊ नका. छोटं, एका बैठकीत संपणारं साहस पुरतं. इंग्रजी अडलं तर चौकटीतल्या ओळी मुलांना मराठीत सांगू द्या, खेळ त्याने बिघडत नाही. मुंबई काय, न्यू जर्सी काय, घरात जी भाषा बोलली जाते तीच टेबलावरही चालते.

आणि एक विनंती. मुलाने खेळायला बोलावलं तर बसा, पण गेममास्टर त्यालाच होऊ द्या. साहसाचं पुस्तक आधी वाचू नका, ते फक्त त्याने वाचायचं असतं. तुम्ही हिरो व्हा, तेही त्याच्या हाताखालचे. तो नियम चुकला तर टोकू नका, ‘यापेक्षा असं कर ना’ म्हणू नका. तीन तास एवढं पाळून बघा.