यंत्राची परीक्षा : नियत आणि यादृच्छिक

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे शेजारी तालुके. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघातील दौंडचे मतदान ७ मे रोजी, तर शिरूर मतदारसंघातील शिरूरचे १३ मे रोजी झाले. दिवस निराळे असले, तरी मतदानयंत्रांच्या परीक्षेची रीत एकच होती. कोणतेही संगणकीय यंत्र वा आज्ञावली कशी पारखावी, याचा वस्तुपाठच या रीतीत आहे.

पहिला प्रकार नियत चाचणीचा. प्रत्यक्ष मतदानापूर्वी मतदान प्रतिनिधींसमक्ष अभिरूप मतदान घेतले जाते. किमान ५० मते दिली जातात आणि 'नोटा'सह प्रत्येक बटण दाबले जाते. यंत्राचा निकाल व व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या दिलेल्या मतांशी ताडल्या जातात आणि मग यंत्र शून्यावर आणले जाते. उत्तर आधीच ठाऊक असल्याने चूक तत्काळ दिसते. एकही बटण तपासल्यावाचून राहत नाही. मात्र परीक्षा केव्हा व कशी होणार, हेही सर्वांस ठाऊक असते. त्या वेळी बिनचूक वागून पुढे चुकणारा दोष या चाचणीत सापडत नाही.

ही उणीव यादृच्छिक तपासणी भरून काढते. मतमोजणीच्या अखेरीस प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ मतदान केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडली जातात आणि तेथील व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी ताडल्या जातात. पूर्वी ही संख्या १ होती. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी ती ५ केली. कोणते केंद्र निघेल हे आधी कोणालाही सांगता येत नाही, हेच या पद्धतीचे बळ होय.

तिलाही मर्यादा आहे. समजा, ३०० केंद्रांपैकी ३० यंत्रे सदोष आहेत. ५ केंद्रांच्या निवडीत त्यांतील एक तरी सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्केच भरते. परंतु राज्यातील २८८ क्षेत्रांत मिळून १,४४० केंद्रे तपासली जातात. राज्यभर विखुरलेला शेकडा एक एवढा दोषही त्यांतून निसटणे जवळजवळ अशक्य आहे. स्थानिक दोष निसटू शकतो, सार्वत्रिक दोष नाही.

तिसरा प्रकार छद्मयादृच्छिक निवडीचा. कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जावे, याची सरमिसळ संगणकाद्वारे केली जाते. अशा कामी संगणक सामान्यतः एका आरंभीच्या अंकापासून ठराविक गणिताने विस्कळीत दिसणारा क्रम तयार करतो. तोच अंक पुन्हा दिला, तर तोच क्रम पुन्हा मिळतो. आज्ञावलीच्या चाचणीत हा मोठाच लाभ आहे. कारण आरंभीचा अंक नोंदवून ठेवल्यास सापडलेला दोष पुन्हा घडवून तपासता येतो. उलट, तो अंक आधी फुटला तर निवडीतील अनपेक्षितता संपते. चिठ्ठीची सोडत मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

ग्रामपंचायतीने करआकारणीची नवी आज्ञावली स्वीकारतानाही हाच क्रम ठेवावा. शून्य थकबाकी, सवलत, जुनी बाकी अशी ज्यांची उत्तरे माहीत आहेत ती खाती प्रथम तपासावीत. त्यानंतर काही खाती ग्रामसभेसमक्ष चिठ्ठी टाकून निवडावीत व हाताने ताडून पाहावीत. पहिल्या तपासणीने ज्ञात चुका कळतात. ज्या चुकांची कल्पनाही नव्हती, त्या कळण्याचा मार्ग दुसरी उघडते. ज्याच्या नावे बाकी निघायची, त्या खातेदाराच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच आवश्यक आहेत.