स्प्रॉकेटचे दाते आणि गाडीचा वेग : आधी हिशेब, मग पाना

चार चाकांची, हँडलची क्वाड बाईक आता आपल्याकडेही दिसते. कोकणच्या किनाऱ्यावर आणि लोणावळ्याच्या बाजूला पर्यटकांना फेऱ्या मारण्यासाठी ती भाड्याने दिली जाते. काही हौशी लोक डोंगरवाटांसाठी घरीही ठेवतात. अशी गाडी गॅरेजात आली की मालकाची मागणी ठरलेली : "मिस्त्री, टॉप स्पीड वाढवून द्या." मिस्त्री स्प्रॉकेट बदलून देतो. काम थोड्या वेळाचे, मजुरी रोख. परंतु तीच गाडी क्लच जळाला म्हणून महिन्याभरात परत आली, तर मजुरीपेक्षा मोठी गोष्ट हातची जाते. गिऱ्हाईकाचा भरवसा जातो. म्हणून हा विषय आमच्या कारागीर बांधवांनी नीट समजून घ्यावा.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. इंजिन उघडणे हे आमचे काम नव्हे. मात्र यातला मूळ नियम यंत्रमागवाल्यांच्या रोजच्या वापरातला आहे. मोटरची पुली मोठी बसवली की माग जलद चालतो. पण मग धोटा जास्त जोराने फेकावा लागतो, मोटरवर भार येतो, सूत जास्त तुटते. माग घडोघडी थांबू लागला, तर संध्याकाळी कापड मोजताना वाढलेला वेग सापडत नाही. क्वाडमध्ये मोटरच्या पुलीच्या जागी इंजिनाकडचे लहान स्प्रॉकेट असते आणि मागाच्या पुलीच्या जागी मागच्या धुरीवरचे मोठे स्प्रॉकेट. पट्ट्याऐवजी चेन. हिशेब तोच. ज्या क्वाडमध्ये चेन नसून शाफ्ट असतो, तिथे मात्र हा उपाय चालत नाही.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या बाजारात १९९९ साली आलेल्या होंडाच्या टीआरएक्स ४००ईएक्स या क्वाडला कंपनीकडून पुढे १५ आणि मागे ३८ दाते असतात. ३८ ला १५ ने भागले की २.५३ येतात. म्हणजे मागचे चाक एकदा फिरण्यासाठी पुढचे स्प्रॉकेट सुमारे अडीच वेळा फिरते. हा आकडा लहान केला की इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, पुढे १५ ऐवजी १६ दाते बसवणे. गुणोत्तर २.३८ होते आणि इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना वेग सुमारे पावणेसात टक्के वाढतो. दुसरा, मागे ३८ ऐवजी ३६ दाते बसवणे. त्याने वेग साडेपाच टक्के वाढतो. ध्यानात ठेवावे की या गाडीत पुढचा एक दाता मागच्या अडीच दात्यांच्या बरोबरीचा आहे. पुढचे स्प्रॉकेट लहान, म्हणून स्वस्तही असते. प्रयोग करायचा तर तिथूनच करावा. नाही जमले तर नुकसान थोडे.

पण या सौद्यात फुकट काही मिळत नाही. पुढे एक दाता वाढवला की प्रत्येक गियरमध्ये मागच्या चाकाची ओढ सव्वासहा टक्के कमी होते. गाडी चढावर अडखळते, वाळूत दबते. चालवणारा क्लच अर्धवट दाबून ती रेटतो आणि क्लचच्या प्लेटी जळतात. वेग जसा वाढतो तसा वाऱ्याचा विरोधही वाढतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यावर मात करायला लागणारी ताकद तर घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग पावणेसात टक्के वाढवायचा, तर एकट्या वाऱ्यासाठी सुमारे २१ टक्के जास्त ताकद हवी. क्वाडवर माणूस ताठ बसतो, टायर रुंद असतात. इंजिनात तेवढी शिल्लक नसेल तर स्प्रॉकेट बदलूनही टॉप स्पीड वाढत नाही; उलट घटतोही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एक परीक्षा करावी. सपाट मोकळ्या जागेत शेवटच्या गियरमध्ये इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचते का? पोहोचून वर जायला जागाच उरत नसेल, तर दाते बदलण्यात अर्थ आहे. त्याआधीच इंजिन दमत असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा : एअर फिल्टर तुंबलेला, ब्रेक घासत असलेला, चेन फार ताणलेली, टायरमध्ये हवा कमी. टायरही मोजावा. २० इंची टायरच्या जागी २२ इंची बसवलेला असेल, तर गाडीचे गुणोत्तर आधीच दहा टक्के बदललेले आहे. वर आणखी दाता वाढवणे म्हणजे एकाच मालावर दोनदा सूट देणे.

काम करताना काळजी अशी. मोठे स्प्रॉकेट इंजिनाच्या कव्हरला घासत नाही ना, हे हाताने फिरवून पाहावे. या गाडीची चेन ५२० मापाची, म्हणजे दोन पिनांमधले अंतर १५.८७५ मिलीमीटर. पुढे एक दाता वाढला की धुरी सुमारे ४ मिलीमीटर पुढे येते. मागचे दोन दाते कमी केले की सुमारे ८ मिलीमीटर मागे जाते. तेवढी जागा ॲडजस्टरमध्ये आहे का, ते आधी पाहावे. जुन्या झिजलेल्या चेनवर नवे स्प्रॉकेट चढवू नये. ते लवकर खराब होते. चेनची ढील कंपनीच्या मापाप्रमाणे ठेवावी आणि थोडी गाडी चालवून पुन्हा तपासावी.

शेवटची गोष्ट जबाबदारीची. चेनच्या अशा क्वाडला मागे सलग धुरी असते, दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे वळणावर ती सहज वळत नाही आणि वेगात उलटू शकते. दाते बदलल्याने ब्रेक सुधारत नाहीत. भाड्याच्या गाडीवर नवखा पर्यटक बसतो, वाळू असते; तिथे वेग नव्हे, ओढ लागते. अशा मालकाला नाही म्हणावे आणि का, ते आकड्यांनी समजावून सांगावे. मोकळ्या, सपाट वाटांवर चालवणाऱ्या जाणत्या माणसाला मात्र एक दाता खुशाल वाढवून द्यावा, आणि जुने स्प्रॉकेट कागदात गुंडाळून त्याच्या हाती ठेवावे. ते परत बसवायला तो आला, तर तुमच्याकडेच येईल.